मोठ्या चाकाची वाट

वाट पाहणे ही आमच्या पिढीची मोठी शिदोरी होती. गॅसच्या शेगडीसाठी नंबर लावावा, टेलिफोनसाठी अर्ज करून ठेवावा, स्कूटरसाठी पैसे भरून वर्षे मोजावीत आणि तोवर शेजाऱ्याच्या स्कूटरवरून मायेने हात फिरवावा, असा आमचा रिवाज. वस्तू घरात येई तेव्हा ती नवी नसेच मुळी. तिच्याशी आम्ही मनातल्या मनात चार-पाच वर्षे संसार केलेला असे. आता रात्री बोट दाबावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुठ्ठ्याचा खोका दारात हजर! तो फोडण्याचाही कुणाला उत्साह नसतो. निवृत्त झाल्यावर तर मला वाटू लागले की, आता वाट पाहण्याजोगे काही उरलेच नाही. पेन्शन न चुकता एक तारखेला येते. आणि या वयात ज्या पाहुण्याची वाट पाहायची, तो न बोलावताही येणारच आहे.

अशा वेळी, 2017 च्या उन्हाळ्यात, आमच्या पुण्याच्या घरात एका चाकाची वाट पाहणे सुरू झाले.

चाक आमचे नव्हे. ते होते अमेरिकेतल्या सांताक्रूझ या गावच्या एका सायकल-कारखान्याचे, आणि वाट पाहत होता माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. हा कोल्हापूरचा पोरगा शिकायला आमच्याकडे राहिलेला. डोंगरावरून सायकल खाली सोडणे हे त्याचे व्यसन. लोक गड चढतात ते वरची हवा खायला. हा चढायचा तो केवळ खाली येता यावे म्हणून! त्या वर्षी फेब्रुवारीत मुळशीकडच्या एका उतारावर तो पडला आणि मांडीचे हाड मोडले. सळई घालून ते सांधले. डॉक्टर म्हणाले, “चालेल तो. पण पुन्हा डोंगर उतरेल का, ते आज विचारू नका.” भाऊ कोल्हापुराहून आला, मुलाच्या पायाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, “ती सायकल विकून टाक.” पोराने भिंतीकडे तोंड केले. त्यानंतरचे सहा आठवडे आमच्या घरात त्याचा आवाज ‘हो’ आणि ‘नको’ यापलीकडे ऐकू आला नाही. बावीस वर्षांच्या मुलाने ताट तसेच परत पाठवणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात बावीस वर्षांचा मुलगा आहे त्यांना सांगायला नको.

एप्रिलमध्ये एके दिवशी त्याने आपण होऊन हाक मारली. “काका, जरा या. हे बघा.” हातातल्या फोनवर एका सायकलीचे चित्र होते. मला ती चार सायकलींसारखीच एक दिसली. तो म्हणाला, “एकोणतीस इंची चाकं, आणि लाँग ट्रॅव्हल!”

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “आता आणखी कुठं निघालाय हा लांब?”

तेव्हा आम्हा दोघांची शिकवणी झाली. लाँग ट्रॅव्हल म्हणजे लांबचा प्रवास नव्हे. चाकाला धक्का बसला म्हणजे त्याने स्प्रिंगच्या आधाराने वर सरकावे आणि पुन्हा जागेवर यावे. हे जे वर-खाली सरकणे, त्याला या शास्त्रात ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. साध्या सायकलीला ते नसतेच. तो प्रवास आपली पाठच करते. डोंगर उतरण्याच्या शर्यतीच्या सायकलीत तो सुमारे आठ इंच, म्हणजे जवळजवळ वीतभर असतो. अन् ती सायकल सांताक्रूझची आहे असे कळल्यावर “मग लोकलने नाही का आणता येत?” हा प्रश्नही यथाक्रम आलाच. पोरगा हसला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसला. तेवढ्यासाठी मी त्या कारखान्याचा ऋणी आहे.

मोठ्या चाकाचा मोह का पडावा, हे मला त्याच्या तोंडून ऐकण्याआधी बैलगाडीने शिकवले होते. गाडीचे चाक माणसाच्या छातीपर्यंत येते ते काही शोभेसाठी नव्हे. लहान चाक खड्ड्यात पडते, मोठे चाक त्याच खड्ड्यावरून जाते. दगड तोच, पण मोठ्या चाकाला तो कमी कोनात भेटतो, म्हणून आडवा न येता पायरीसारखा वाटतो. मग ही साधी गोष्ट डोंगरी सायकलवाल्यांना इतकी वर्षे कशी सुचली नाही?

त्याची गोष्ट मोठी मौजेची आहे. या खेळाचा उगम कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगराच्या परिसरातला. 1970 नंतर तिथली काही उनाड पोरे भंगारात पडलेल्या, महायुद्धापूर्वीच्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतारावरून खाली येऊ लागली. 1976 पासून फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी शर्यती सुरू केल्या. सायकलीला ब्रेक तो मागच्या चाकाच्या आत, उलटे पॅडल मारून लागणारा. एका उतरणीत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि दर खेपेनंतर नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच पडले ‘रीपॅक’. तर त्या भंगारातल्या सायकलींची चाके होती सव्वीस इंची. पुढे नवे सांगाडे घडवले, कारखाने निघाले, जगभर खेळ पसरला. पण चाक राहिले सव्वीसच. कुणी हिशेब करून ते ठरवले नव्हते. भंगारात जे सापडले, तोच पुढे शास्त्रार्थ झाला! आपल्याकडच्या कित्येक रूढींचा उगम शोधला तर असाच कुठल्यातरी अडगळीच्या खोलीत सापडेल.

एकोणतीस इंची चाके बाजारात आली ती साधारण 2000 च्या आगेमागे, आणि तीही प्रथम सपाटीच्या आणि चढाच्या सायकलींना. उताराच्या सायकलीत अडचण होती ती जागेची. चाक मोठे करावे आणि त्याने वर वीतभर सरकावे, तर ते सरकणार कुठे? मागचे चाक स्वाराच्या बैठकीलाच घासायचे. शिवाय मोठे चाक तेवढेच बळकट करायचे तर आरे, रीम, पुढचा चिमटा, सगळेच नव्याने घडवायला हवे. म्हणून वर्षानुवर्षे या मंडळींत नुसतीच कुजबुज चालू होती: येणार, येणार. कोणी म्हणे येऊच नये, वळणावर ते चाक बैलासारखे अडेल. आणि आता ते आले होते.

या साऱ्या शिकवणीत एक दिवस त्याने मला कामाला लावले. “काका, आजोबांच्या सायकलची रीम मोजता का?”

माझ्या वडिलांची काळी, दांडीची सायकल आमच्या मागल्या बोळात अजून उभी आहे. ती त्यांनी 1958 साली हप्त्याने घेतली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. घ्यायचे ठरले आणि प्रत्यक्ष घेतली यांत दीड वर्ष गेले. पण सायकल येण्याआधी आठ महिने घरात पंप आला, कारण तो स्वस्तात मिळाला. मग दिवा आला. रोज संध्याकाळी वडील दिव्याची काच पुसत आणि आई म्हणे, “अहो, सायकल कुठाय?” “येईल,” वडील म्हणत. मी तो पंप हातात घेऊन अंगणात हवेला हवा भरत असे. ती सायकल पुढे तीस वर्षे चालली. पण मला विचाराल तर तिच्या साऱ्या फेऱ्यांपेक्षा ते हवेत हवा भरण्याचे आठ महिनेच मला अधिक स्वच्छ आठवतात.

मी टेप घेऊन बोळात गेलो. रीमच्या ज्या मापावर टायर बसतो ते अठ्ठावीस इंची जुन्या सायकलीत 635 मिलिमीटर भरते; आणि त्या नव्या, जगाला वेड लावणाऱ्या चाकाचे माप 622! म्हणजे दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या नि माझ्या वडिलांच्या चाकापेक्षा ते तेरा मिलिमीटरांनी लहानच. जाड टायर चढवल्यावर ते बाहेरून मोठे होते, ही गोष्ट वेगळी. पोरगा खुशीत आला. “बघा, आजोबा पुढे होते!” म्हणाला. मी सायकल पुसून बोळातून त्याच्या खोलीत आणून ठेवली. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला, पण बोलल्या काही नाहीत, कारण त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा आमटी मागितली होती.

त्या चाकाची पहिली कसोटी लागायची होती 30 एप्रिलला, फ्रान्समध्ये लूर्द येथे. त्या वर्षीची ती पहिली विश्वचषक शर्यत. लूर्द हे तीर्थक्षेत्र. 1858 साली तिथे बर्नादेत नावाच्या मुलीला मेरीमातेचे दर्शन झाले अशी श्रद्धा आहे, आणि तेव्हापासून जगभरचे आजारी लोक तिथल्या झऱ्याच्या पाण्यासाठी येतात, कित्येक चाकांच्या खुर्चीत बसून. मी हे पोराला सांगितले. तो आपल्या पायाकडे पाहून म्हणाला, “मग काका, माझा नवसही तिथेच.”

शर्यतीचा दिवस आला. या शर्यतीत स्वार एकामागून एक, एकटे उतरतात. आदल्या फेरीत मागे राहिलेले आधी, वेगवान शेवटी. आमचे सारे डोळे शेवटच्यांकडे. त्यांत ग्रेग मिनार हा दक्षिण आफ्रिकेचा, सहा फुटांहून उंच स्वार त्या मोठ्या चाकांवर येणार होता. आणि काय व्हावे? आधीचे स्वार कोरड्यावर उतरले. मोठमोठ्यांची पाळी आली आणि पावसाने गाठले. वाट चिखलाची झाली. जिंकला तो आधी उतरलेला आलेक्सांद्र फायोल हा फ्रेंच गडी. चाक चांगले की वाईट, याचा निकाल पावसाने वाहून नेला.

मला वाटले, पोरगा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. पण तो म्हणाला, “आता पाच आठवडे.” पुढची शर्यत 4 जूनला, स्कॉटलंडात फोर्ट विल्यमला. मला त्या वेळी एक गोष्ट उमगली. निकाल लागला असता तर चार दिवसांत सारे संपले असते. पावसाने त्याला पाच आठवडे दिले होते. आणि त्या पाच आठवड्यांत तो वॉकर सोडून काठीवर आला. व्यायामाला येणाऱ्या बाईंना तो विचारी, “जूनपर्यंत गुडघा किती वाकेल?” पूर्वी तो त्यांना विचारीत असे, “आज नाही केलं तर चालेल का?”

फोर्ट विल्यमची वाट पावणेतीन किलोमीटरांहून थोडी जास्त, आणि तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून अधिक खाली येते. पुणेकरांना सांगायचे तर सिंहगडावरून आतकरवाडीला उतरण्यासारखेच. आपण दगडावर हात टेकत, ताकवालीपाशी थांबत, पाऊण तासात उतरतो. तिथे ती वाट साडेचार मिनिटांत संपते. त्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिघे संगणकासमोर बसलो. सौभाग्यवती “मला नाही बघवत” म्हणत शेवटपर्यंत हलल्या नाहीत. मिनार आला. ते मोठे चाक दगडांवर आपटत नव्हते. दगडांवरून वाहत होते. मधला तो वीतभर प्रवास क्षणाक्षणाला चालला होता आणि स्वाराचे डोके मात्र पाण्यावरच्या कमळासारखे स्थिर. तो जिंकला. पोरगा ओरडला आणि काठी न घेता उभा राहिला. कुणाला चमत्कार वाटेल; पण तो चमत्कार नव्हता, पाच आठवड्यांचा व्यायाम होता. तो रोज करावासा वाटला, एवढाच काय तो चमत्कार.

तशी सायकल पुढे विक्रीला आली. किंमत लाखांत, आमच्या घरात तिचे नाव निघाले नाही. मला याचे नवल वाटते की, त्याला त्याचे दुःखही नव्हते. जे आपले होणार नाही त्याचीही मनापासून वाट पाहता येते. त्या बाबतीत वाट पाहणे हे हव्यासापेक्षा प्रीतीच्या जवळचे. 2018 चा पाऊस सरल्यावर तो आपल्या जुन्या सव्वीस इंची सायकलीवर पुन्हा डोंगर उतरला. भावाने ती विकायला लावली नाही. तो आला, मुलाला चालताना पाहिले आणि गप्प राहिला. बापाचे मौन हीच कधीकधी परवानगी असते.

मोठ्या चाकाचे आता कुणाला अप्रूप राहिलेले नाही. उताराच्या शर्यतींत ते सर्रास दिसते. 2019 च्या सुमारास पुढचे मोठे नि मागचे लहान अशीही तऱ्हा निघाली. मिनारने 2021 मध्ये इटलीत वाल दी सोले येथे चौथे जगज्जेतेपद मिळवले, वयाच्या 39 व्या वर्षी, आणि तिसऱ्यानंतर तब्बल आठ वर्षांनी. त्या रात्री पोराचा बंगळूरहून फोन आला. “काका, आठ वर्षं थांबला हो तो!” सौभाग्यवतींनी फोन हिसकावून घेतला आणि विचारले, “पाय दुखतो का रे थंडीत?”

आता त्याचे लग्न झाले आहे, बऱ्यापैकी नोकरी आहे. गेल्या महिन्यात तो येऊन गेला. मोठ्या चाकाची, लांब प्रवासाची सायकल घ्यायची म्हणून दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकतो आहे. एकरकमी कर्ज काढता येईल, असे मी सुचवून पाहिले. “नको काका,” तो म्हणाला, “अजून वर्षभर लागेल. लागू दे की.” त्याची बायको हसून म्हणाली, “काका, सायकल कुठाय ते विचारू नका. पंप मात्र आलाय!”