शापायच्या अंगणातला गोठा

नाताळचे काम आमच्या घरी दिवाळी संपली की सुरू व्हायचे. आकाशकंदिलासाठी वडिलांनी तासलेल्या बांबूच्या काड्या उरत. त्या माळ्यावर न टाकता ते पडवीच्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवत. तुळशीचे लग्न आटोपले की शापाय त्या न्यायला येणार, हे घरात सगळ्यांना माहीत असे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आजोबांना शापाय आणि आजीला शामाय म्हणतात. त्यांच्या नातवंडांबरोबर आम्हीही त्यांना तसेच हाक मारत मोठे झालो.

आमचे शिरगाव हे लईराई देवीचे गाव. वैशाखातली जत्रा, हातात वेत घेतलेले व्रतस्थ धोंड, होमकुंडातले निखारे, मोगऱ्याच्या माळा, यांसाठी लोक गावाला ओळखतात. ख्रिस्ती घरे थोडी. शापायचे घर अस्नोड्याच्या वाटेवर होते आणि मिसेला ती मंडळी अस्नोड्याच्या सांत क्लाराच्या इगर्जीत जात. मापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारिया माता, ही लईराईची बहीण, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. आजी ते अगदी सहज सांगे, घरातल्या एखाद्या आत्याविषयी सांगावे तसे. त्यामुळे शापायच्या अंगणात कामाला जाताना आपण दुसऱ्याच्या सणाला चाललो आहोत असे कधी वाटलेच नाही. उलट, न गेल्यास आईच विचारी, "अजून गेला नाहीत? काय झाले?"

पहिले काम जमिनीचे. गोव्याचा पाऊस अंगणाची पार दशा करून टाकतो. वरची माती वाहून जाते, खाली चिऱ्यांचे खडे उघडे पडतात, कडेला शेवाळ धरते. नवी माती टाकायची, पाणी शिंपडायचे, लाकडी चोपण्याने चोपून काढायची, मग शेणाने सारवायची. आमचे अंगण तुळशीच्या लग्नाआधी होई, त्यांचे डिसेंबरच्या सुरुवातीला. सारवायला आई आणि शामाय दोघी बसत. आईचा हात मोठा, अर्धगोल वळणाचा. शामाय लहान लहान फटकारे मारी. कुठवर कुणी सारवले ते वाळल्यावरही ओळखू येई. अंगणाच्या मधोमध खुरीस, म्हणजे क्रूस, होता. त्याला चुना काढण्याचे काम मात्र शापाय कुणाला देत नसत.

नंतर नक्षत्र. हल्ली प्लास्टिकचे, आत दिव्यांची माळ असलेले तारे मापशाच्या बाजारात ढिगाने मिळतात आणि लांबून दिसतातही छान. पण एकदा तरी हाताने तारा बांधून पाहावा. दहा काड्या लागतात, सगळ्या एका मापाच्या. पाच काड्यांची एक पंचकोनी चांदणी, अशा दोन. एक दुसरीवर ठेवून फक्त पाचही टोके दोऱ्याने घट्ट आवळायची. मग आतल्या बाजूला, जिथे काड्या एकमेकींना ओलांडतात त्या पाच ठिकाणी, दोन्ही चांदण्यांच्या मध्ये वीतभर लांबीच्या पाच काड्या आडव्या सारायच्या. त्या सारताच सपाट सांगाडा फुगतो, त्याला पोट येते. शापाय त्या क्षणी काडी आमच्या हातात देत. ते म्हणत, दोरा बांधणे शिकवता येते, पण काडी किती वाकेल हे ज्याचे त्याने हाताला विचारावे. कागद पतंगाचा, चिकटवायला मैद्याची खळ. कागद ताणून लावायचा नाही, किंचित ढिला ठेवायचा. खळ वाळली की तो आपोआप ताणला जातो, आधीच ताणलेला असला तर फाटतो. आमच्या दिवाळीच्या कंदिलाचेही हेच तंत्र. काड्या त्याच, हात तेच.

माझ्याकडे नाचणी असे. बाळ जेजूच्या जन्माचा देखावा म्हणजे गोठा; त्याच्यासमोर हिरवेगार शेत दिसायला हवे, म्हणून गोव्यात नाताळच्या बारा-पंधरा दिवस आधी नाचणी पेरतात. आठ डिसेंबरला सायबिणीचे फेस्त झाले की शामाय हाक मारी, "बाय, नाचणी भिजत घाल गो!" रात्रभर भिजवलेली नाचणी फडक्यात बांधून मोड आणायचे आणि करवंट्यांत, फुटक्या ताटल्यांत ओल्या मातीवर दाट पसरायचे. वर मातीचा अगदी पातळ थर. दिवसातून दोनदा पाणी, पण ओतायचे नाही, बोटांनी शिंपडायचे; ओतले की दाणे एका कडेला गोळा होतात. आठवड्याभरात मऊ, पोपटी लव उठते. ऊन कमी पडले तर रोपे पिवळी आणि लांबट होतात, आडवी पडतात; म्हणून सकाळी करवंट्या अंगणात, दुपारी पडवीत, अशी माझी ये-जा चाले. चोवीसच्या सकाळी त्या करवंट्या जमिनीत पुरून कडा मातीने झाकल्या की गोठ्यासमोर शेत उभे राहत असे.

गोठ्याविषयी शापायचा एकच नियम होता. गावात मिळेल किंवा उगवेल ते विकत आणायचे नाही. चर्चमधल्या प्रवचनात त्यांनी ऐकले होते की, 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने पहिल्यांदा असा देखावा मांडला तेव्हा खरे गवत घातले होते, खरा बैल आणि खरे गाढव आणले होते. त्यावरून त्यांनी आपल्यापुरता निष्कर्ष काढला होता: फ्रान्सिसने आपल्या गावात होते तेच मांडले, आपणही तेच करायचे. मारिया, जुझे आणि बाळ जेजू यांच्या मूर्ती तेवढ्या जुन्या, शापायच्या आईच्या वेळच्या. बाकी छप्पर भाताच्या पेंढ्याचे, भिंती मातीच्या, कुंपण करवंदीच्या काट्यांचे. मेंढ्या आम्ही मुले करायचो, गणपतीच्या चित्रशाळेतून मागून आणलेल्या चिकणमातीच्या. आमच्यातल्या कुणीही खरी मेंढी पाहिलेली नव्हती, म्हणून त्या सगळ्या बकऱ्यांसारख्या होत. शापाय म्हणत, शिरगावात बकऱ्याच असणार.

माझे वडील मराठी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या कपाटात 'ख्रिस्तपुराणा'ची एक प्रत होती, शांताराम बंडेलूंनी 1956 मध्ये देवनागरीत संपादित केलेली. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी हा ग्रंथ मराठी ओवीत रचला आणि 1616 साली तो रायतूरला छापला गेला. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. वडील तो तुकाराम, ज्ञानेश्वरांच्या शेजारी ठेवत. एका नाताळला शापायने त्यांना गोठ्याजवळ बसून त्यातला जन्माचा भाग वाचायला सांगितले. वडिलांनी हरिविजय वाचावा त्याच चालीत वाचले. शामायला सगळे शब्द कळले नसतील, पण ती मान डोलावत होती, आणि शेवटी आमच्या आजीबरोबर तिनेही हात जोडले. चारशे वर्षांपूर्वी या मुलखात ही कथा मराठीत सांगितली गेली, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि चोपलेल्या अंगणात पेंढ्याच्या छपराखाली ऐकणे वेगळे. माझ्यापुरते मराठीचे शिक्षण तिथे सुरू झाले असे मी मानते.

मग खाणींची ती वर्षे आली. खनिज आमच्याकडून आधीपासूनच निघत होते, पण दोन हजार सालानंतर चीनची मागणी वाढली आणि रस्त्यावर टिपरमागून टिपर लागले. तांबडी धूळ केळीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, ताटातल्या भातावर. पांढऱ्या कागदाचे नक्षत्र संध्याकाळी टांगले तर दुसऱ्या दिवशी दुपारी विटकरी. शापायने त्यावर तोड काढली: सांगाडा तयार ठेवायचा आणि कागद चोवीसच्या दुपारनंतर चिकटवायचा. खळ वाळायला वेळ कमी, म्हणून चुलीच्या उबेला धरून वाळवायची.

धुळीवर तोड निघाली, पाण्यावर निघेना. खाणींचे खड्डे समुद्रसपाटीच्या खाली गेले, त्यांतले पाणी पंपांनी उपसून बाहेर टाकले जाई आणि गावातल्या विहिरी आटत गेल्या. टँकरची वाट पाहणारे गाव झाले आमचे. पावसाळ्यात इंचांनी नव्हे, हातांनी पाऊस मोजावा अशा मुलखात. शापायच्या घरामागची विहीर कोरडी पडली त्या वर्षी त्यांनी गोठ्यात पहिल्यांदा विहीर केली. डिचोलीच्या कुंभाराकडचे लहान मडके जमिनीत काठापर्यंत पुरले, भोवती चिऱ्याच्या कपऱ्यांचा कठडा, वर सुपारीएवढ्या कप्पीला दोरा, आणि आत खरे पाणी. रोज संध्याकाळी ते भरत. टँकरचे पाणी असे वाया घालवण्यावरून शामाय चिडली. शापाय म्हणाले, "बेथलेहेमांत बांय नासली तरी चलता. आमच्या गोठ्यांत जाय." बेथलेहेमात विहीर नसली तरी चालेल, आमच्या गोठ्यात हवी.

त्या वाक्यात मला तेव्हा राग ऐकू आला होता. आता वाटते, ती मागणी होती. गावातले लोक कोर्टात गेले, अर्ज झाले, पाहण्या झाल्या. शापाय कुठल्या बैठकीला गेल्याचे मला आठवत नाही. पण गोठा पाहायला येणारा प्रत्येक माणूस विहिरीपाशी वाकून आत पाहत असे आणि मग घरोघरच्या विहिरींचे बोलणे निघे.

सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. त्या नाताळला रस्ता मोकळा, झाडे धुतल्यासारखी, नक्षत्र सात जानेवारीला उतरवले तेव्हाही पांढरे. आणि अंगणात शापायच्या मुलाचा टिपर उभा, कर्जाने घेतलेला. तो बंद ठेवून बँकेचे हप्ते कसे भरायचे, हे त्या घरात कुणालाच सुचत नव्हते. टिपरने गोठ्याची नेहमीची जागा व्यापली होती. मुलगा म्हणाला, बाहेर रस्त्याच्या कडेला लावतो. शापायने नको म्हटले. गोठा मागच्या चाकाशेजारी झाला आणि दिव्यांच्या माळेचे एक टोक टिपरच्या आरशाला बांधले. धूळ गेल्याचा आनंद आणि हप्त्यांची काळजी, दोन्ही एकाच घरात, एकाच अंगणात होती. खाणीविरुद्ध कोण आणि खाणीच्या बाजूने कोण असे गाव वाटून दाखवणाऱ्यांना ते अंगण दाखवायला हवे होते. नंतर खाणी पुन्हा सुरू झाल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. टिपर त्याआधीच विकला गेला होता.

शापायच्या घरून दरवर्षी पंचवीसच्या सकाळी ताट येई, शामायने विणलेल्या जाळीदार रुमालाने झाकलेले: दोदोल, नेवऱ्या, कुलकुलां, चण्याच्या डाळीचे दोस. आजी अंडे घातलेले खात नसे, म्हणून तिच्यासाठी नेवऱ्या वेगळ्या बांधलेल्या. ताट रिकामे परत करायचे नाही, एवढा आईचा नियम. परसातली केळी किंवा नारळ त्यावर जात. गोठा तीन राजांच्या फेस्तापर्यंत, सहा जानेवारीपर्यंत राही. नंतर मूर्ती पुसून जुन्या लुगड्यात गुंडाळायच्या, पेंढा आणि नाचणीची रोपे आमच्या गाईला, नक्षत्राचा सांगाडा पुढच्या वर्षासाठी आढ्याला.

शापाय आता नाहीत. मी डिचोलीत राहते. त्यांचा नातू बोटीवर नोकरीला आहे आणि या नाताळला तो सुट्टीवर येणार आहे. शामायने निरोप पाठवला आहे की यंदा नक्षत्रे दोन हवीत, एक खुरसावर आणि एक रस्त्याच्या बाजूला, म्हणून काड्या वीस आण. भावाने बेटातला जून बांबू आधीच तोडून सावलीत वाळत टाकला आहे. नाचणी मात्र शामाय शिरगावचीच वापरणार. डिचोलीच्या दुकानातली नीट उगवत नाही, असे तिचे ठाम मत आहे, आणि मी तिच्याशी वाद घातलेला नाही.