आधी कडा

मॉडेल रेल्वे म्हटलं की सगळे इंजिन बघतात. कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८पासून आहे. शाळेच्या सहलीत मीसुद्धा तिथे इंजिनंच बघितली होती. आता आकुर्डीत आमच्या बाहेरच्या खोलीत माझा स्वतःचा लेआउट उभा राहतोय, आणि माझं सगळं लक्ष रुळांखालच्या बोर्डावर.

अमेरिकेत यासाठी होमासोट वापरायची जुनी पद्धत आहे, कागदाच्या लगद्याचा दाबून केलेला फायबरबोर्ड. मी आणला तो नोटीस बोर्डाचा सॉफ्टबोर्ड. बारीक खिळा त्यात हातानेही जातो, गाडीचा आवाज दबतो. पण तो पाणी पितो. पावसाळ्यातल्या हवेतलं तर पितोच, शिवाय रुळांमधली खडी चिकटवायला वरून पाण्यात कालवलेलं फेविकॉल सोडावं लागतं, तेही. माझं स्केल एचओ, म्हणजे १:८७. बोर्डाची कड एक मिलिमीटर फुगली, तर खऱ्या रुळावर जवळजवळ नऊ सेंटिमीटरची पायरी. गाडी पडणारच.

(एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. ८७ने गुणा, जवळजवळ १४३५ येतात. म्हणजे आपल्या लोकलचं १६७६चं ब्रॉडगेज नाही, पुणे मेट्रोचं गेज! माझी लोणावळा लोकल मेट्रोच्या रुळांवर धावणार. चालतंय.)

बाबा बारा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होते. कंत्राटी. मार्चमध्ये गेटपास बंद झाला. तेव्हापासून टीव्ही लावून बसायचे, आवाज बंद करून. आई चहा ठेवून जायची, त्यावर साय धरायची.

जूनमधल्या एका रविवारी मी प्रायमरचा डबा उघडला.

"आधी कडा," सोफ्यावरून आवाज आला. "वरून काय, कोणीही मारतं."

मग उठलेच. कापलेल्या कडेला तंतूंची तोंडं उघडी असतात, ओल तिथूनच जास्त शिरते. मारायचं तर दोन्ही बाजूंनी. एकच बाजू बंद केली तर दुसरी ओल घेते आणि बोर्ड बशीसारखा वाकतो. पहिला हात वॉटर प्रायमरचा नको, तंतू उभे राहतात. स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश हवं. मला खाली पिटाळून आणायला लावलं. खिडक्या उघडल्या, आईला गॅस बंद करायला सांगितलं. पहिला हात बोर्डाने गट्ट केला. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर, फडकं, दुसरा हात. मग ऑइल प्रायमर. मध्ये मध्ये ट्यूबलाइटखाली बोर्ड तिरका धरून बघायचे आणि कडेवरून डोळे मिटून बोट फिरवायचे. एका कोपऱ्यावर थांबले. "इथे परत." मला तिथे काहीही लागलं नाही. परत मारलं.

आज चौथा बोर्ड झाला. खालच्या बाजूला, जिथे कोणी बघणार नाही, तिथे ते पेन्सिलने लिहितात: तारीख, वेळ, कितवा हात. आणि सहीच्या जागी जुना टोकन नंबर.