नवेगाव बांधचे दोन रंगपालटे

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात डोंगरांच्या कुशीत नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव पसरला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. प्रवासी येतात ते रानगवे आणि हिवाळी पाहुणे पक्षी पाहण्यासाठी. रंग पालटणारे दोन रहिवासी मात्र वाटेच्या कडेलाच भेटतात.

पहिली घाणेरी, अर्थात टणटणी. तिच्या एकाच गुच्छात मध्यभागी पिवळी आणि कडेला केशरी-गुलाबी फुले असतात. फूल उमलते ते पिवळे. परागीभवन झाले की त्याचा रंग पालटतो. पिवळ्या फुलात मध असतो, पालटलेल्यात तो जवळजवळ नसतो. जुनी फुले लगेच गळत नाहीत, त्यामुळे गुच्छ दुरून उठून दिसतो. जवळ आलेले फुलपाखरू मात्र बहुधा पिवळ्या फुलावरच बसते.

दुसरा रहिवासी म्हणजे आपला बागेतला सरडा. एरवी तो मातकट दिसतो. विणीच्या हंगामात नराचे डोके व गळा लालबुंद होतो. तो उंच जागी बसून मान वरखाली करतो आणि प्रतिस्पर्ध्याला आपली हद्द दाखवतो. झुंजीत हरला की ती लाली ओसरते.

म्हणजे दोघांचाही रंगपालट फसवणुकीसाठी नाही. आपली स्थिती उघड सांगणारी ती पाटी आहे. ती वाचण्यात चूक माणसाची झाली. लाल गळा पाहून सरडा रक्त शोषतो अशी समजूत पसरली आणि कीटक खाणारा हा निरुपद्रवी जीव दगडांचा धनी झाला. वचन फिरवणाऱ्यालाही आपण त्याचेच नाव दिले. उलट मूळची अमेरिका खंडातील घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. पुढे देशभरच्या रानांत तिची दाट जाळी माजली. तिच्याखाली गवत व रोपटी वाढत नाहीत, हरणांचा चारा घटतो. तिचा पाला गुरांनाही विषारी ठरतो.

नवेगावच्या वाटेवर मुलांना हे दोन्ही रंग अवश्य दाखवावेत. सरडा दिसताच हाती घेतलेला दगड खाली ठेवायला सांगावे, आणि घाणेरीचे रोप शोभेसाठी घरी नेऊ देऊ नये.