आरसा निवेपर्यंत

आकाश निरभ्र असूनही दुर्बिणीतून गुरू ग्रह थरथरताना दिसला, की पाहणारा वातावरणाला बोल लावतो. पुष्कळदा दोष आरशाच्या उबेचा असतो. परावर्तक दुर्बिणीचा आरसा म्हणजे काचेची जाड तबकडी. माझ्याकडील तबकडीचा व्यास 200 मिलिमीटर आहे. काच सावकाश निवते. खोलीतून गच्चीवर आणलेला आरसा बाहेरच्या हवेहून चार-पाच अंशांनी उबदार असला, तरी त्याच्या पृष्ठावर ऊन हवेचा थर राहतो, नळीतून तिचे झोत वर चढतात आणि चुलीवरच्या हवेतून पलीकडचे पाहावे तसे ग्रहाचे बिंब हलू लागते.

यातून थोरांचीही सुटका नाही. अमेरिकेतील माउंट विल्सन येथील 100 इंची दुर्बीण 1 नोव्हेंबर 1917 च्या रात्री प्रथम आकाशाकडे रोखली, तेव्हा जॉर्ज हेल यांना एका गुरूऐवजी एकमेकांवर चढलेली सहा-सात बिंबे दिसली. दिवसा घुमट उघडा राहिल्याने आरसा उन्हाने तापला होता. अनेक वर्षांचे श्रम वाया गेले की काय, या धास्तीने हेल यांना झोप लागेना. पहाटे तीनच्या सुमारास पुन्हा पाहिले, तो प्रतिमा स्वच्छ आली होती.

आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात. तेव्हाच मी दुर्बीण गच्चीवर नेऊन ठेवतो. आरशामागे संगणकातला छोटा पंखा बॅटरीवर फिरत असतो. हिवाळ्यात दीड तासात काम होते. उन्हाळ्यात गच्चीच धग सोडत राहते, तिथे पंख्याचे फारसे चालत नाही. वाचकांपैकी कोणी मुलांसाठी दुर्बीण घेतली असेल, तर एखादा ठळक तारा मुद्दाम अस्पष्ट करून पाहावा. त्या वर्तुळात धुरासारखे झोत सरकताना दिसले, तर अजून थांबावे.

यंदा मार्गशीर्षात वडिलांनी गुरू पाहण्याची इच्छा व्यक्त केली. वय 83, एका डोळ्याची दृष्टी गेलेली, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरू लागलेला. नऊला झोपण्याचा नेम. पेढीवर गिऱ्हाइकाला कधीही ताटकळत न ठेवलेले वडील, 'अजून किती वेळ?' असे तीनदा विचारून, शाल गुंडाळून खुर्चीत बसून राहिले. साडेआठला मी पंखा बंद केला. डोळा लावल्यावर बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ''पट्टे दोन आहेत. आणि चांदण्या तीनच. तू तर चार म्हणाला होतास.''

चौथा उपग्रह गुरूच्या आड होता. तो बाहेर येईपर्यंत ते झोपायला गेले नाहीत.