वाकण्यापूर्वीचा क्षण

चित्र हलू लागले म्हणजे ते सजीव झाले, असा समज पात्रांचे अ‍ॅनिमेशन शिकू लागणाऱ्याच्या मनात आरंभी असतो. हालचाल आणि जीव यांतील अंतर ओळखणे हाच या अभ्यासाचा खरा प्रारंभ होय. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर आणली. ते रोप वाढताना दिसले, पण त्याला स्वभाव नव्हता. पात्राला स्वभाव हवा असतो, आणि तो बहुधा कृतीत नव्हे तर कृतीच्या आधीच्या क्षणात सापडतो.

डिस्नेच्या स्टुडिओत आयुष्य घालविलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील एक पूर्वहालचालीचे आहे. उडीआधी गुडघे वाकतात, फटक्याआधी हात मागे जातो आणि प्रेक्षक पुढच्या कृतीसाठी सज्ज होतो. चंद्रपुरात हे तत्त्व गिरविताना आम्ही अभ्यासासाठी पात्र निवडले ते मोहफुले वेचणाऱ्या बाईचे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ती टोपली ठेवते, पण लगेच वाकत नाही. आधी झुडपांकडे पाहते, कानोसा घेते, मग वाकते. ताडोब्याभोवतीच्या आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या गावांत वाघाच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत. वाकलेल्या माणसाला धोका अधिक, हे तिथे कोणाला शिकवावे लागत नाही.

सेकंदाला चोवीस फ्रेम, दोन फ्रेमना एक चित्र, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे. तिच्या थांबण्याला आम्ही सहा चित्रे दिली तेव्हा ती काही विसरल्यासारखी वाटली. चोवीस दिली तेव्हा भयपटातली नायिका झाली. चौदा चित्रांत मान वळली, पण हात फुलांच्या दिशेनेच राहिला, आणि भीतीसोबत वर्षानुवर्षे संसार केलेली बाई कागदावर दिसू लागली.

यानंतर स्पर्धेचा प्रश्न उभा राहिला. विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या 'इलेव्हन सेकंड क्लब' या स्पर्धेत सुमारे अकरा सेकंदांचा तयार संवाद मिळे. देह आपण द्यायचा. या रीतीस कमी लेखण्याचे कारण नाही. आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर, वडशाच्या मंडळींच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, नट प्रॉम्प्टरच्या आधाराने उभा राहतो. शब्द दुसऱ्याच्या तोंडून येतात. श्वास, वजन आणि रोख नटाचा असतो. उसन्या आवाजातून स्वतःचे पात्र घडविणे ही मोठीच शिस्त आहे. परंतु तशा स्पर्धेत मौनाची लांबीही आधीच ठरलेली असते. आमच्या बाईजवळ संवाद नाही. तिचे सारे म्हणणे त्या चौदा चित्रांत आहे.

दुसरा मार्ग स्वतंत्र लघुपटाचा. मुंबईत १९९० पासून भरत आलेल्या माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्यासाठी जागा आहे. तिथे मौनाला मज्जाव नाही. मात्र तिथला प्रेक्षक तिच्या थांबण्याकडे रानातले एक सुंदर दृश्य म्हणून पाहील, ही शंका आम्हांस छळते. ज्या भीतीत शेजारचे गाव जगते, ती आपल्या कलेचे भांडवल होऊ नये, असे वाटते. पण ती चितारलीच नाही तर ती बाई वर्तमानपत्रातल्या मृतांच्या आकड्यापुरती उरते, हेही तितकेच खरे.

स्पर्धा निवडणे म्हणजे आपली परीक्षा कोणी घ्यावी हे निवडणे, असे आता आम्हांस वाटते. आम्ही लघुपटाचा मार्ग पत्करला आहे. प्रवेशिका भरण्याआधी ती चित्रे मोह वेचणाऱ्या बायांपुढे दाखवावयाची, असेही ठरविले आहे. वाकण्यातली लबाडी त्यांच्याइतकी लवकर कोणाच्याही ध्यानात येणार नाही. त्यांनी 'अशी कुठं वाकते बाई?' असे विचारले, तर महोत्सवाची तारीख टळली तरी चालेल. चित्रे पुन्हा काढावी लागतील.