आगूराच्या दोन मागण्या

निंबोल्याहून बऱ्हाणपूरला निघालेल्या बसमध्ये कानी पडणारे संभाषण बहुधा दोनच विषयांभोवती फिरते : केळीला काय भाव मिळाला आणि कोण कोणास काय बोलला. आम्हीही त्यास अपवाद नाही. पगार आणि महिनाअखेरची शिल्लक हा आमच्या चिंतनाचा जुना विषय. अशा वेळी मनाची समजूत घालण्यासाठी आम्ही बायबलातील 'नीतिसूत्रे' उघडून बसतो.

या ग्रंथाकडे आम्ही वळलो ते भाषेच्या कुतूहलाने. एम. ए. करीत असता लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली आणि तेथून मराठी बायबलाची वाट सापडली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळावरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. 1922 मध्ये त्या निवर्तल्या. ग्रंथ 1924 मध्ये केडगावी प्रसिद्ध झाला. एकेका शब्दासाठी माणसे किती झिजतात हे पाहिले, की आपल्या तोंडाळपणाची लाज वाटते.

'नीतिसूत्रां'चा बराचसा भाग शलमोन राजाच्या नावावर आहे. राजाने संपत्तीचे फोलपण सांगावे हे आम्हांस कधी फारसे रुचले नाही. भरल्या पोटी उपवासाचे माहात्म्य गाण्यापैकीच ते. परंतु तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा एक गृहस्थ भेटतो. याकेचा पुत्र, एवढीच त्याची ओळख. आपल्याला अक्कल नाही, अशी कबुली देऊन तो देवापाशी दोनच गोष्टी मागतो. खोटेपणा आपल्यापासून दूर राहावा, ही पहिली. दुसरी, दारिद्र्य नको नि श्रीमंतीही नको, वाट्याची भाकर तेवढी मिळावी. पोट तुडुंब भरले तर देवाची ओळख विसरेन आणि उपाशी राहिलो तर चोरी करून त्याच्या नावास बट्टा लावीन, असे त्याचे भय.

आमच्या बऱ्हाणपुरात दीर्घकाळ वावरलेल्या अब्दुर्रहीम खानखानानेही जीभ आणि पैसा या दोहोंवर दोहे रचले. आमची मुले ते हिंदीच्या तासाला घडाघड म्हणतात. पण या दोन गोष्टी एकाच प्रार्थनेत का याव्यात, हे आम्हांस बरीच वर्षे उमगले नव्हते. आम्ही श्रीमंत नाही, चोरही नाही. तेव्हा आगूराच्या मापात नेमके बसलो, असे समजून पुस्तक मिटत असू.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, परीक्षा शुल्काच्या रकमेत दोनशे चाळीस रुपये कमी भरले. वरिष्ठ तपासणीस आले होते. त्यांच्यासमोर, चार शिक्षकांच्या देखत, आम्ही एवढेच म्हणालो, "कपाटाची किल्ली शिपायापाशीही असते." आरोप केला नाही, असे आम्ही स्वतःस बजावले. त्याच्या घरी त्या वर्षी आजारपण होते, त्याला पैशांची निकड होती, हे सर्वांस ठाऊक होते. पुढचे वाक्य ज्याने त्याने मनात पुरे केले.

आठव्या दिवशी ते पैसे दाखलखारीज नोंदवहीत सापडले. घाईत आम्हीच ठेवले होते. वरिष्ठांना चिठ्ठी पाठविली, शिपायाला खोलीत बोलावून क्षमा मागितली. चौघांदेखत बोललेलो आम्ही, क्षमा मात्र दार लोटून मागितली.

त्या रात्री 'नीतिसूत्रे' पुन्हा उघडले. प्रार्थना संपते तेथे आमचे वाचन नेहमी थांबे. या खेपेस पुढची ओळ वाचली. चाकराची त्याच्या धन्यापाशी चहाडी करू नये, असे तेथे लिहिले आहे.

शिपाई एवढेच बोलला होता, "गुरुजी, पैसे मिळाले ना, झालं तर." पण पुढे निवृत्त होईपर्यंत त्याने त्या कपाटाच्या किल्लीला हात लावला नाही. कपाट उघडायचे असले, की तो दाराशी उभा राहून आमची वाट पाही.