उचल आणि माणूस

दिवाळी सरली कीं बीड जिल्ह्यांतील आमच्या शाळेंत माझा वर्ग निम्मा ओस पडे. मुलें आईबापांच्या मागें ऊसतोडीस सांगली-कोल्हापुराकडे, कांहीं कर्नाटकांतहि जात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम तिला आधींच उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली राहते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. ही रीत मात्र उरली.

या रीतीस मी नांवें ठेवीत असें. परंतु घरच्या सालगड्यास आगाऊ रक्कम देऊन मीहि निश्चिंत झालों होतों. मूल तापानें फणफणलें म्हणून त्यानें दोन दिवसांची रजा मागितली, तेव्हां मीं त्याला हिशेबाची वही दाखविली. त्याच रात्रीं तो निघून गेला. वही घरांत राहिली, माणूस गेला.

पुढील गड्याशीं दर आठवड्यास रोख मजुरी आणि घरच्या आजारपणांत रजा, असें ठरविलें. तो अकरा वर्षें राहिला.

माणसें टिकत नाहींत, ही तक्रार आज मोठमोठ्या कंपन्यांतूनहि ऐकूं येते. संस्कृतांत चाकराला ‘भृत्य’ म्हणतात. शब्द ‘भृ’ धातूपासून आला. ज्याचें भरणपोषण करावयाचें, तो भृत्य. ही व्युत्पत्ति मीं तीस वर्षें मुलांना शिकविली. मला ती कळली त्या रात्रीनंतर.